टॉवर स्पीकर आणि सबवूफर फरशीपासून वेगळे कसे करावेत? (चौथा मजला, पाच इंची स्लॅब)

खर्ज

नमस्कार मंडळी. पुण्यातला फ्लॅट, चौथा मजला. हॉल १४ बाय ११ फूट, उंची साडेनऊ फूट. पाच इंची आरसीसी स्लॅब, वर ८०० बाय ८०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. टॉवर स्पीकर प्रत्येकी १८ किलो, ९५ सेंमी उंच, बुडाला स्पाइक (धातूचे टोकदार पाय) आणि स्पाइकखाली पितळी चकत्या. सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, थोडक्यात ‘सब’) १२ इंची, समोर तोंड असलेला, २० किलो, खाली कंपनीनेच दिलेले कडक रबरी पाय. सबवूफर पुढच्या भिंतीला, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला.

अडचणी अशा:

१) ४० हर्ट्झच्या आसपासचे सूर फुगतात आणि लवकर थांबत नाहीत. तबल्याच्या डग्ग्यापेक्षा सिंथ बेस आणि ऑर्गनला जास्त जाणवतं.
२) सोफ्यावर बसल्यावर पायाखाली फरशी झिणझिणते.
३) खालच्या घरात धडधड ऐकू जाते.
४) डाव्या टॉवरखालची टाइल ठोकली तर पोकळ वाजते, आणि ठरावीक सुरांना तिथून चिरका आवाज येतो.

वाचलेले सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कोणी म्हणतं स्पाइक हवेतच, कोणी म्हणतं रबर लावा, कोणी ग्रॅनाइट ठेवायला सांगतं. वॉशिंग मशीनखाली लावायचे रबरी कप स्वस्त मिळतात, ते चालतील का? आकडे देऊन सांगितलं तर बरं होईल.

दोन_मिलिमीटर

आधी कपांचं सांगतो: चालणार नाहीत. ते साठ-सत्तर किलोच्या यंत्रासाठी असतात. तुमच्या २० किलोच्या सबखाली एकेका कपावर पाच किलो येतील आणि कप दबणारच नाही. जे दबत नाही ते काहीही वेगळं करत नाही. या विषयात एवढं पक्कं धरलं तरी निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात.

स्पीकर आणि त्याखालचा मऊ पाय मिळून वजन टांगलेल्या स्प्रिंगसारखी एक जोडी होते. तिची स्वतःची एक वारंवारता असते आणि ती काढायला नुसती पट्टी पुरते. स्पीकरच्या वजनाने पाय किती मिलिमीटर दबला ते मोजायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं. १ मिमी दबला तर १५.८ हर्ट्झ, अडीच मिमीला १०, ४ मिमीला ८ च्या किंचित खाली, १० मिमीला ५. स्पीकर किती किलोचा, पाय कशाचा, हे सगळं या दबण्यातच येतं.

या वारंवारतेच्या १.४ पटीपर्यंत काहीच अडत नाही. उलट नेमक्या त्या वारंवारतेला कंपनं वाढून खाली जातात. दुपटीला साधारण एक तृतीयांश उरतात (साडेनऊ डेसिबल कमी), तिपटीला एक अष्टमांश (१८ डेसिबल कमी). रबरात अंगचं डँपिंग (कंपनं जिरवण्याचा गुण) असतं, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडं कमी मिळतं. सब २५ हर्ट्झपर्यंत उतरत असेल तर पाय ८ च्या आसपास हवेत, म्हणजे ४ मिमी दबायला हवेत. अर्धा-पाऊण मिमी दबणारे पॅड लावले तर ते १८ ते २२ हर्ट्झवर बसतात. तुमच्यासारखा स्लॅब, वरच्या मसाल्याच्या थरासकट, साधारण २० ते ३५ हर्ट्झमध्ये स्वतः हलायला तयार असतो. चुकीचा पॅड तिथे आगीत तेल ओततो. ‘पॅड लावले आणि बेस जास्तच घुमायला लागला’ या तक्रारीमागचं एक कारण हेच असतं.

रबराची आणखी एक खोड आहे. हळूहळू दाबलं तर ते जितकं मऊ वाटतं, त्यापेक्षा कंपनांना कडक लागतं. म्हणून पट्टीने काढलेल्या आकड्यात रबरासाठी वीस-तीस टक्के वाढ धरा. कडक रबराला त्याहून जास्त. पोलादी स्प्रिंगला ही वाढ लागत नाही.

स्पाइकबद्दल. स्पाइक जोडतो, वेगळं करत नाही. कंपनं फक्त वरून खाली वाहून नेणारा एकमार्गी रस्ता म्हणजे स्पाइक, असं लिहिलेलं दिसतं. तसं काही नसतं, पोलाद दोन्ही दिशांना सारखंच वाहून नेतं. त्याचं खरं काम जाड गालिचा भेदून स्पीकर खालच्या पक्क्या जमिनीवर उभा करणं. टाइलवर त्याचा उपयोग लेव्हल साधण्यापुरता. पोकळ टाइलवर तर टोकाचा भार एका ठिपक्यावर येतो आणि कोपरा उडण्याची भीती राहते.

मऊ पायांवर स्पीकर मागेपुढे झुलेल आणि बेसची धार जाईल, ही शंका बरेच जण काढतात. १८ किलोच्या स्पीकरमधल्या वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या शंकूचा) हलणारा भाग २५ ग्रॅम धरा. प्रमाण १ ला ७२०. शंकू ५ मिमी पुढे गेला तर पेटी मागे जाते सुमारे सात हजारांश मिलिमीटर. केसाच्या जाडीचा दहावा भागही नाही. धक्का लागून टॉवर पडण्याची भीती मात्र खरी आहे, तिचा विचार करा.

कडप्पा_आणि_पाणसळ

वरचं गणित बरोबर आहे. ते घरात कसं उतरवायचं ते सांगतो, आधी टॉवर.

९५ सेंमी उंच आणि अरुंद पेटीला थेट मऊ पाय लावू नका. लहान मुलाने धरून ओढलं तरी कलंडेल. मधे एक जड फरशी घ्या. कडप्पा १८ बाय १८ इंच, जाडी १८ ते २० मिमी, कडा मारून घेतलेली. एकेक १० किलोच्या आसपास भरते आणि ग्रॅनाइटच्या मानाने स्वस्त पडते. फरशी टॉवरखाली, रबराचे चार तुकडे फरशीच्या चार कोपऱ्यांखाली. पाया ४५ सेंमी रुंद झाला, वजन २८ किलो झालं आणि गुरुत्वमध्य खाली आला. ग्रॅनाइटचा सल्ला देणारे हेच सांगायचं विसरतात. दगड नुसताच टाइलवर ठेवला तर तो एक जास्तीची टाइल, त्याने काहीही अडत नाही. दगडाचं काम वजन वाढवणं, अडवण्याचं काम त्याखालच्या रबराचं.

रबर: ४० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचं, २५ मिमी जाडीचं. रबर शीट विकणाऱ्या दुकानात तुकडा कापून मिळतो, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला. त्यातून २० बाय २० मिमीचे चार ठोकळे. एका ठोकळ्यावर सात किलो येतील आणि तो अडीच मिमीच्या आसपास दबेल. म्हणजे हिशोबाने १० हर्ट्झ, प्रत्यक्षात १२-१३. टॉवर ४० हर्ट्झच्या वर वाजत असतील तर तिपटीचं अंतर मिळतं. सब असताना टॉवर त्याच्या खाली वाजवायची गरजही नाही.

कापताना साबणाचं पाणी लावून, नव्या पात्याने, गुण्याला धरून कापा. कोरड्या सुरीने रबर ओढलं जातं, कड तिरकी येते आणि ठोकळा वजनाखाली एका बाजूला झुकतो. झुकलेला ठोकळा महिन्याभरात आणखी झुकतो, तो टाकून नवा कापा.

इथे एक चूक हमखास होते. ‘छोटे तुकडे कशाला, अख्खी रबर शीटच अंथरू.’ रबराचं आकारमान दाबून कमी होत नाही. ते दबतं म्हणजे बाजूला फुगतं. चार छोट्या ठोकळ्यांना फुगायला चारही बाजू मोकळ्या असतात. १२ मिमीची अख्खी शीट स्पीकरच्या पूर्ण बुडाखाली घातली तर मधल्या रबराला जायला जागाच नाही, म्हणून ती दगडासारखी वागते. तेच रबर, तेच वजन, पण दबणं नाहीच. बाजारातल्या जाळीच्या, उंचवट्यांच्या मॅट थोड्याफार चालतात त्या याच कारणाने. उंचवट्यांमधे मोकळी जागा असते.

योगा मॅट किंवा पॅकिंगचा फोम वापरू नका. पहिल्या दिवशी छान वाटतो, दोन-तीन महिन्यांत बसतो आणि परत उठत नाही. हवाई चपलेच्या तळव्याचं रबर त्याहून बरं. पण तेही कायमचं बसतं, तात्पुरत्या चाचणीलाच ठीक.

आता वजनाची वाटणी. टॉवरचे वूफर आणि मॅग्नेट पुढच्या बाजूला असतात, म्हणून पुढच्या पायांवर जास्त भार येतो. वजनकाट्यावर पुढचे दोन पाय ठेवा, मागचे दोन काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर. समजा पुढे ११ किलो आले आणि मागे ७, आणि पायांमधलं अंतर २५ सेंमी आहे. म्हणजे गुरुत्वमध्य पेटीच्या पायांच्या मध्यापासून पावणेतीन-तीन सेंमी पुढे आहे. स्पीकर कडप्प्यावर तेवढाच मागे सरकवा. चारही ठोकळ्यांवर सारखा भार, सारखं दबणं आणि पाणसळ मधोमध. कडप्पा न घेता थेट पायांखाली ठोकळे देणारच असाल तर मागचे १६ बाय १६ चे कापा, नाहीतर स्पीकर पुढे वाकून उभा राहील.

टॉवरचे स्पाइक काढू नका. कडप्प्यावर चकत्यांसकट राहू द्या, लेव्हल त्यांनीच साधा. नट घट्ट करायला विसरू नका. सैल नट खुळखुळतो आणि लोक तो आवाज फरशीचा समजतात. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) साधारण चार सेंमी वर जाईल. बसल्यावर कानाच्या रेषेच्या वर गेला तर मागचे स्पाइक एक-दोन आटे बाहेर काढून स्पीकर किंचित पुढे झुकवा.

रबर टाइलवर थेट टेकवू नका. काळं रबर आणि सॉर्बोथेनसारखं मऊ पॉलियुरेथेन दोन्ही डाग सोडतात. पॉलिश टाइलवर तो डाग पुसून जाईलच असं नाही, संगमरवरात तर मुरतो. खाली सनमायकाचे दोन इंची तुकडे ठेवा. वरच्या बाजूला, दगडाला, फेविकॉल एसआरचा एक ठिपका. खालच्या बाजूला गोंद नको.

पोकळ टाइलचा इलाज वेगळा आहे, ती पॅडने दुरुस्त होत नाही. आधी खात्री करा. दहाच्या नाण्याने टाइल कोपऱ्यापासून मध्यापर्यंत टकटक वाजवत जा आणि जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करा. मग टोन (एकाच सुराचा स्थिर आवाज) लावून टाइलवर टाचेने भार द्या. चिरका आवाज थांबला तर गुन्हेगार तीच. चिरकणं टाइलच्या पोकळीतून नाही, तिची कड शेजारच्या टाइलला घासते तिथून येतं. सांध्यातलं ग्राउट उकरून, सांध्यातूनच ३-४ मिमीची भोकं पाडून पातळ इपॉक्सी सोडतात आणि वर चोवीस तास वजन ठेवतात. हे काम टाइलवाल्याला द्या. तोपर्यंत स्पीकर पुढच्या टाइलवर सरकवा.

वासे_फळ्या

वरचे आकडे स्लॅबसाठी आहेत. जुन्या वाड्याच्या माडीवर किंवा अमेरिका-कॅनडातल्या लाकडी जमिनीच्या घरात हे वाचून कोणी ठोकळे कापायला बसेल, म्हणून ही भर.

लाकडी जमीन स्वतःच स्प्रिंग असते. तुळया, त्यावर वासे, त्यावर फळ्या. अमेरिकन घरात तेच काम जॉइस्ट आणि पाऊण इंची प्लाय करतात. ही जमीन साधारण १० ते २५ हर्ट्झमध्ये हलते. तिथे १२ हर्ट्झचे ठोकळे लावले तर दोन स्प्रिंगा एकमेकींच्या डोक्यावर उभ्या राहतात, दोघींची वारंवारता जवळ-जवळ, आणि सगळाच डोलारा डोलतो. लाकडी जमिनीवर एकतर ५-६ हर्ट्झपर्यंत उतरा (७ ते १० मिमी दबणं, म्हणजे स्प्रिंग किंवा हवा) किंवा जागा बदला. जागा बदलायला पैसे पडत नाहीत. दोन वाशांच्या मधे, खोलीच्या मध्यावर जमीन सगळ्यात जास्त लवते. भार घेणाऱ्या भिंतीजवळ, जिथे वासे टेकतात तिथे सगळ्यात कमी. सब तिकडे न्या आणि त्याचे पाय दोन वाशांवर येतील असा आडवा बसवा. स्लॅबलाही हेच लागू आहे: मध्यापेक्षा तुळईजवळ, कॉलमच्या कोपऱ्याजवळ तो कमी हलतो. पण कोपऱ्यात ठेवल्याने खोलीतला बेस वाढतो, दोन्हीचा मेळ बघावा लागतो.

टर्नटेबल असेल तर त्याचा प्रश्न उलटा. तिथे स्पीकरपेक्षा पावलं त्रास देतात. माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, म्हणजे २ हर्ट्झ आणि त्याच्या पटी. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिजची (त्याच्या टोकाला सुई धरणाऱ्या भागाची) जोडी साधारण ८ ते १२ हर्ट्झला हलते. त्यामुळे ४-५ हर्ट्झच्या स्प्रिंगवर ठेवलेलं टर्नटेबल कोणी चालत गेलं की डुलतं आणि सुई उडते. त्याला भिंतीवरचं ब्रॅकेट हाच खात्रीचा उपाय. नऊ इंची विटांच्या भिंतीत एम१० चे अँकर, वर कडप्प्याचा तुकडा. पार्टिशनच्या किंवा जिप्समच्या भिंतीत हे करू नका.

आणखी एक. बुकशेल्फ स्पीकर टीव्ही युनिटवर असतील तर फरशी विसरा, युनिटकडे बघा. पोकळ प्लायवूडची पेटी ही सतारीच्या भोपळ्यासारखी वागते. १०० ते ३०० हर्ट्झमध्ये वरची फळी स्वतः वाजायला लागते आणि निवेदकाचा आवाज पिंपातून आल्यासारखा होतो. फळीवर तळहात टेकवून टोन ऐका, हाताला सरळ कळतं. सहा-सात किलोच्या स्पीकरला चार मऊ पाय, दीड-दोन मिमी दबणारे, एवढ्यानेही तिथे फरक कानाला कळतो. स्लॅबवरच्या टॉवरला मिळतो त्यापेक्षा जास्त.

दोन_मिलिमीटर

लाकडी जमिनीचा मुद्दा महत्त्वाचा होता. आता सबचं.

काही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. मुलांच्या १२ इंची सायकलची ट्यूब जमिनीवर आडवी ठेवा, वर १८ मिमी प्लायचा चौकोन, त्यावर सब. ट्यूबमध्ये हवा एवढीच भरा की फळी जमिनीपासून जेमतेम सुटेल. टणक फुगवली तर सगळं वाया. हा ५ हर्ट्झच्या आसपासचा पाया झाला, बाजारातल्या बहुतेक महागड्या पायांपेक्षा मऊ. हवा हळूहळू गळते, म्हणून कायमचा उपाय नव्हे. पण याने एका संध्याकाळी उत्तर मिळतं: ट्यूबवर ठेवूनही जी तक्रार तशीच राहते, ती फरशीमुळे नाहीच. तिच्यासाठी पायांवर रुपयाही घालवू नका.

मोजायला फायफॉक्स हे फुकट ॲप घ्या, जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं आहे. त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम निवडा. फोन दुहेरी टेपने फरशीला चिकटवा, सबपासून एक फुटावर आणि नंतर सोफ्यापाशी. कव्हर काढून चिकटवा, कव्हर स्वतःच गादीचं काम करतं. ३०, ४०, ५० हर्ट्झचे स्थिर टोन एकेक करून, आवाजाचं बटण न हलवता वाजवा आणि उभ्या अक्षाचा आकडा लिहून घ्या. फोन सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला नीट दिसत नाही, वरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. मग सब ट्यूबवर ठेवून पुन्हा तेच सगळं.

खोलीतल्या आवाजासाठी आरईडब्ल्यू (खोलीतला आवाज मोजायचं कॉम्प्युटर सॉफ्टवेअर) आणि मापन-माइक असेल तर उत्तम. फरशीचं मोजमाप आणि कानापाशी केलेलं मोजमाप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी ठरवू नका.

खर्ज

ट्यूबची चाचणी केली. ३० हर्ट्झला सोफ्यापाशी फरशीचं कंपन साधारण एक चतुर्थांशावर आलं, पायाखालची झिणझिण जवळजवळ गेली. ४० ला फरशीवरचा आकडा उतरला, पण कानाला फुगणं जसंच्या तसं. टाइलचा चिरका आवाज टाचेने दाबल्यावर थांबतो. खाली आवाज थोडा कमी झाला, पण धडधड जाते आहेच.

सबसाठी कायमचे पाय कोणते घेऊ? आणि ४० हर्ट्झचं काय करायचं?

मंद्र

४० चं उत्तर तुमच्या पहिल्याच ओळीत होतं: हॉल १४ फूट. ध्वनीचा वेग खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, ३४५ भागिले ८.५४, उत्तर ४०.४ हर्ट्झ. ही खोलीतल्या हवेची लाट आहे, फरशीचा तिच्याशी संबंध नाही. पाय कितीही मऊ केले तरी ती हलणार नाही.

या लाटेचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सर्वात जास्त असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. सब पुढच्या भिंतीला, सोफा मागच्या भिंतीला, म्हणजे दोन्ही टोकं पकडली गेली आहेत. सोफा भिंतीपासून साडेतीन फूट पुढे आणला, म्हणजे लांबीच्या पाव भागावर, तर ही लाट कानाला ३ डेसिबल कमी मिळते. सबही पुढच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर आणला तर आणखी ३. हॉलमध्ये एवढी जागा अडवणं घरात चालणार नसेल तर अर्धवट सरकवा आणि उरलेलं इक्वलायझरने करा: ४० हर्ट्झला ६ ते ८ डेसिबल कापा, अरुंद पट्ट्यात, क्यू (पट्टा किती अरुंद ते सांगणारा आकडा) ५-६ च्या आसपास. आधी मोजा आणि जेवढा फुगवटा दिसेल तेवढाच कापा. जिथे खड्डा दिसेल तिथे भरायला जाऊ नका, ॲम्प्लिफायरची ताकद वाया जाते आणि खड्डा खड्डाच राहतो. दुसरा सब कधी घ्यायचा झाला तर एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि एक मागच्या, दोन्ही एकाच फेजमध्ये (दोघांचे शंकू एकाच वेळी बाहेर, एकाच वेळी आत). ही लाट एका टोकाला दाबते तेव्हा दुसऱ्या टोकाला ओढते, म्हणून दोघे मिळून तिला उठूच देत नाहीत.

खालच्या घराबद्दल स्पष्ट लिहितो, कारण शेजाऱ्यांच्या नावाने पाय विकले जातात आणि नंतर घेणाऱ्याचा विरस होतो. सबची ऊर्जा खाली दोन वाटांनी जाते. पायांतून स्लॅबमध्ये जाते ती पाय अडवतात. पण तुमच्या खोलीतली हवाच स्लॅबला आणि भिंतींना ढकलते, त्या वाटेवर पायांचा काही अधिकार नाही. ट्यूबवर ठेवूनही जी धडधड उरली ती बहुतांशी दुसऱ्या वाटेची. तिथे उपाय दोनच: ४० चा फुगवटा कापणं (तोच सूर खाली सर्वात जास्त जात असणार) आणि रात्री सबची पातळी उतरवणं किंवा ३०-३५ हर्ट्झच्या खालचं हाय-पास लावून काढून टाकणं.

फोनवरच्या डेसिबल मीटरवर यात विसंबू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण ती ‘ए’ वजनाने मोजलेली. ए वजन ४० हर्ट्झला साडेचौतीस डेसिबल आणि ६३ हर्ट्झला २६ डेसिबल वजा करतं. म्हणजे मीटर ४५ च्या आत दाखवेल आणि खालच्या घरातल्या माणसाची झोप तरीही मोडेल. त्यांच्या बेडरूममध्ये पाच मिनिटं स्वतः उभं राहून ऐकणं आणि तिथून फोनवर सबची पातळी ठरवणं, याला पर्याय नाही. कोणत्या गाण्याला आणि कोणत्या बटणावर त्यांना चालतं ते लिहून ठेवा.

कडप्पा_आणि_पाणसळ

मंद्र यांच्या म्हणण्यात एक जोड: बंद दाराखिडक्यांची खडखड. २० ते १२० हर्ट्झचा टोन सावकाश सरकवत न्या आणि घरातला दुसरा माणूस हाताने एकेक वस्तू दाबत फिरू दे. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, पीओपीच्या छतातले लाइट, काचेचं शोकेस, माळ्यावरची पातेल्यांची चळत. पॅडने न गेलेला ‘फरशीचा आवाज’ पुष्कळदा यांच्यापैकीच कुणाचा तरी निघतो. खिडकीच्या खाचेतली केसाळ पट्टी झिजली असेल तर बदला, काचेला सिलिकॉनची रेघ, शोकेसच्या दाराला फेल्टच्या टिकल्या. एका दुपारचं काम आहे.

तयार पाय घ्यायचे असतील तर वजनाची मर्यादा बघून घ्या. उदाहरणार्थ आयसोअकूस्टिक्स या कंपनीच्या गाया मालिकेत चारांच्या संचाला थ्री ३२ किलोपर्यंत, टू ५४ आणि वन १०० किलोपर्यंत. ‘मोठा घेतला तर जास्त चांगला’ असं इथे नसतं. १८ किलोच्या टॉवरला वन लावला तर तो पुरेसा दबणारच नाही. त्यांच्या पायांवरचा लोगो ऐकणाऱ्याच्या रेषेत, पुढे किंवा मागे, यायला हवा. पाय आट्यांवर फिरवून पूर्ण घट्ट केल्यावर लोगो भलत्याच दिशेला थांबतो, म्हणून वरचा लॉकनट सोडून दिशा जुळवा आणि मग नट आवळा.

दोन_मिलिमीटर

सबसाठी स्प्रिंग करून घ्या. रबराला ४ मिमी दबवायचं तर ठोकळा इतका सडपातळ करावा लागतो की तो उभा राहत नाही.

भोसरी-चिंचवडकडे स्प्रिंग वळून देणारे बरेच आहेत, त्यांना हे माप द्या: २ मिमी स्प्रिंग स्टीलची तार, बाहेरचा व्यास १८ मिमी, काम करणारे वेढे ४, दोन्ही टोकांना एकेक बंद वेढा सपाट घासलेला, मोकळी उंची २५ मिमी. चार नग, जास्तीचे दोन करून घ्या. अशी स्प्रिंग दर मिलिमीटरला साधारण ९.६ न्यूटन घेते. पाच किलोला ती ५ मिमी दबेल आणि सब ७ हर्ट्झवर बसेल. पूर्ण मिटायला तेरा मिलिमीटर लागतात, म्हणून कोणी सबवर हात टेकला तरी ती तळाला लागत नाही. दबल्यावरची उंची २० मिमी आणि व्यास १८, म्हणजे आडवी लवंडणार नाही. व्यास दबलेल्या उंचीच्या ०.८ पटीखाली गेला की स्प्रिंग कुशीवर वळते. उंच आणि बारीक स्प्रिंग स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

नुसत्या स्प्रिंगला डँपिंग नसतं, टिचकी मारली की झणझणते. आत मऊ फोमची गुंडाळी सैलसर भरा आणि बाहेरून हीट-श्रिंक नळी चढवा. नळी आवळून वेढे एकमेकांना चिकटता कामा नयेत. वर-खाली बसायला १२ मिमी प्लायच्या दोन चकत्या, होल-सॉने ४ मिमी खोल गोल खाच पाडून. वरच्या चकतीला दुहेरी टेप, खालच्या चकतीखाली फेल्ट.

बसवताना चारही कोपऱ्यांवर पट्टी लावून फरशी ते सबच्या बुडापर्यंतचं अंतर मोजा. ॲम्प्लिफायर मागे असल्याने मागची बाजू एखादा मिलिमीटर जास्त दबेल, तेवढं चालतं. दोन-अडीच मिमीचा फरक आला तर मागच्या दोन स्प्रिंगा आत सरकवू नका, पुढच्या दोन मागच्या दिशेने घ्या. आठवड्याने पुन्हा मोजा, आणि सबची जाड वायर भिंतीशी ताणलेली नाही ना ते बघा. ताठ वायर हा पाचवा पाय होतो.